३६ टक्के की ५७ टक्के? १९६६ च्या अवमूल्यनामागची पार्श्वभूमी

डॉलर महागला की १९६६ ची आठवण कुणीतरी काढतंच. सरकारने रुपयाचं मोल तेव्हा ३६ टक्क्यांनी पाडलं, म्हणजे अवमूल्यन केलं, असं एक जण लिहितो, ५७ टक्क्यांनी असं दुसरा, आणि मूळ मुद्दा बाजूला राहून आकड्यांवरच जुंपते. आकड्यांकडे येऊच, पण आधी गहू.

इंग्रजांच्या काळात संपत्ती कशी बाहेर गेली ते सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं, ते इथे उगाळत नाही. फक्त एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा भारत ब्रिटनचा सावकार होता. युद्धासाठी इथून उचललेल्या मालापोटी सुमारे १,७०० कोटी रुपये लंडनमध्ये पौंडांत जमा होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रसामग्री येऊ लागली आणि १९५७ पर्यंत ही पुंजी जवळजवळ आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये कर्ज देणाऱ्या देशांचा गट भारतासाठी बैठकीला बसला. सावकाराचा ऋणको व्हायला जेमतेम एक तप लागलं.

अमेरिकेत तेव्हा धान्याची गोदामं ओसंडत होती आणि तिथल्या शेतकऱ्याचा भाव टिकवायचा होता. १९५४ च्या कायद्याने, म्हणजे आपल्याकडे गाजलेल्या पीएल-४८० ने, तो गहू रुपयांत विकायची सोय झाली. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. मे १९६० च्या करारात चार वर्षांसाठी १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ ठरला. डॉलर न मोजता धान्य मिळतंय म्हटल्यावर दिल्लीलाही ते सोयीचंच होतं. शहरांतलं रेशन भागलं आणि शेतीकडे दुर्लक्ष करायला फावलं. सगळा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारणारे हे विसरतात. (गाजरगवत याच गव्हातून आलं असं सर्रास सांगतात. पुण्यात ते नजरेत भरलं १९५५-५६ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या कराराच्या आगेमागेच. अमेरिकी गहू १९५१ मध्येही कर्जाऊ आला होता, म्हणून शक्यता उरते, इतकंच.)

१९६५ मध्ये पावसाने दगा दिला. धान्योत्पादन आदल्या वर्षीच्या ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाखांवर आलं. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि अमेरिकेने दोन्ही देशांची मदत थांबवली. १९६० नंतरचा गव्हाचा करारही जूनमध्येच संपला होता. नवा लांब मुदतीचा करार करायला तिथले अध्यक्ष राजी नव्हते. गहू महिन्या-दोन महिन्यांपुरता सोडायचा आणि तेवढ्या वेळात भारत शेतीचं धोरण बदलतो का, अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर काय बोलतो ते पाहायचं, अशी ती रीत. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. जहाज धक्क्याला लागलं की माल थेट रेशन दुकानांकडे, हाताशी साठा असा नाहीच. देश किती परावलंबी झाला होता ते टनांपेक्षा या वेळापत्रकात जास्त दिसतं.

अवमूल्यनाचा आग्रह आला तो या अवस्थेत. जागतिक बँकेच्या पाहणी पथकाने तशी शिफारस आधीच केली होती. विरोधात ठाम असलेले अर्थमंत्री १९६५ च्या अखेरीस वेगळ्याच कारणाने पायउतार झाले. मार्च १९६६ मध्ये पंतप्रधान अमेरिकेला जाऊन आल्या आणि ६ जूनपासून डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला.

आता टक्के. रुपयाचं डॉलरमधलं मोल ३६.५ टक्क्यांनी उतरलं, तर डॉलरची रुपयांतली किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली. दोन्ही आकडे बरोबर. शंभर डॉलरचं यंत्र ४७६ ऐवजी ७५० रुपयांना पडू लागलं आणि डॉलरमधलं जुनं कर्जही त्याच पटीत फुगलं. ज्याला फेडायचं त्याच्या लेखी म्हणूनच दुसरा आकडा खरा. निर्यातदाराचा हिशोब आणखी निराळा. त्याच वेळी निर्यातीवरची प्रोत्साहनं काढून घेतली आणि ताग, चहा अशा मालावर निर्यातशुल्क बसवलं. कागदावर दिसतं त्यापेक्षा त्याच्या पदरात पडलं ते बरंच कमी. अवमूल्यन करूनही निर्यात वाढली नाही, असा टोमणा मारताना हे सोयीस्कर गाळलं जातं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडल्याने विकायला मालच कमी होता, हेही.

निर्णय अगदीच अडाणी नव्हता, रुपया ओढूनताणून महाग ठेवलेला होताच. फसगत झाली ती मोबदल्यात. वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरची, प्रकल्पांशी न बांधलेली मदत काही वर्षं येत राहील असं धरून चाललं होतं. पहिल्या वर्षानंतर ती आटत गेली. जुलैमध्ये मॉस्कोत व्हिएतनामवर निघालेलं भारत-सोव्हिएत संयुक्त निवेदन वॉशिंग्टनला झोंबलं आणि गव्हाची जहाजं पुन्हा रखडू लागली. अवमूल्यनावर सत्ताधारी पक्षाचे अध्यक्षही उखडले होते. १९६७ च्या निवडणुकीत पक्षाच्या लोकसभेतल्या जागा ३६१ वरून २८३ वर आल्या.

गव्हाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं, १९६७-६८ मध्ये एकूण धान्योत्पादन साडेनऊ कोटी टनांवर गेलं. गव्हापोटी अमेरिकेच्या नावे साठलेल्या रुपयांचा निकाल फेब्रुवारी १९७४ मध्ये लागला: तिच्या राजदूताने भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला, बाकी रक्कम दूतावासाच्या खर्चाला राहिली.

अवमूल्यनाची धास्ती मात्र गेली नाही. १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांशी बांधला आणि पुढे गाजावाजा न करता उतरू दिला. १९९१ मध्ये सोनं गहाण टाकायची पाळी आली तेव्हाही १ आणि ३ जुलै असे दोन टप्पे केले, पहिल्यावर ओरड किती होते ते पाहायला. ओरड झालीच. दुसरा टप्पा थांबवा, असं पंतप्रधानांनी ३ तारखेला सकाळी कळवलं, पण निरोप मुंबईला रिझर्व्ह बँकेत पोहोचेपर्यंत नवे दर लागू झाले होते.