डबल स्लिट प्रयोग आणि प्रकाशाचं व्यतिकरण

डबल स्लिट प्रयोग म्हणजे एकाच उगमातून आलेला प्रकाश शेजारशेजारच्या दोन अतिशय बारीक फटींतून सोडायचा आणि समोरच्या पडद्यावर काय उमटतं ते बघायचं, एवढंच. उमटतात ते उजेड-अंधाराचे पट्टे, एकाआड एक, जवळपास सारख्या अंतरावर. आता गंमत अशी की यातली एक फट झाकली तर आधी जिथे काळा पट्टा होता तिथे उजेड येतो, म्हणजे प्रकाश कमी केला तर त्या जागचा उजेड वाढला, आणि झाकलेली फट परत उघडली की तिथे पुन्हा अंधार. प्रकाश म्हणजे नुसते सुटणारे कण असते तर हे जमलंच नसतं. प्रयोगाचा सगळा जीव या एका निरीक्षणात आहे, बाकीचं गणित.

तर होतं काय, की दोन्ही फटींतून लहरी एकदमच निघतात. पडद्याच्या बरोब्बर मधल्या जागी दोघींना सारखंच अंतर कापावं लागतं, म्हणून उंचवट्यावर उंचवटा येतो आणि तिथे उजळ पट्टा पडतो. मधून थोडं बाजूला सरकलं की एका फटीकडून येणारी लहर जरा लांबून येते, हा फरक (लॅबमध्ये सगळे पाथ डिफरन्सच म्हणतात) अर्ध्या तरंगलांबीएवढा (तरंगलांबी म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर) झाला की एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा येऊन पडतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, अंधार. पूर्ण एका तरंगलांबीचा फरक झाला की परत उजेड. असंच दीड, दोन, अडीच करत दोन्ही बाजूंना जायचं. यालाच इंटरफेरन्स किंवा व्यतिकरण म्हणतात.

दोन उजळ पट्ट्यांमधलं अंतर काढायचं तर तरंगलांबीला पडद्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि दोन फटींमधल्या अंतराने भागायचं. लाल लेझर 650 नॅनोमीटरचा, फटींमध्ये 0.25 मिलीमीटर आणि पडदा 1 मीटरवर धरला तर उत्तर येतं 2.6 मिलीमीटर, म्हणजे साध्या पट्टीने मोजता येईल इतकं. हीच या प्रयोगाची खरी ताकद, मिलीमीटरचा हजारावा भागसुद्धा नसलेली लांबी आपण शाळेच्या पट्टीने मोजतो. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी म्हणून त्याचे पट्टे जवळजवळ येतात, आणि पांढरा प्रकाश वापरला तर मधला पट्टा पांढरा, त्याच्या बाजूचे दोन-चार रंगीत (आतली कड निळसर, बाहेरची लालसर) आणि त्यापुढे सगळे रंग एकमेकांत मिसळून नुसता फिकट उजेड.

इथे एक शंका बहुतेकांना येते आणि यायलाच हवी, की अंधाऱ्या पट्ट्यातली ऊर्जा गेली कुठे? कुठेच नाही गेली, ती उजळ पट्ट्यांत जाऊन बसली. दोन सारख्या लहरी जुळल्या की उंची दुप्पट होते पण उजेड उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून उजळ पट्ट्याच्या मध्यावर एका फटीच्या दुप्पट नाही तर चौपट उजेड असतो, अंधाऱ्या पट्ट्यात शून्य, आणि सरासरी काढली की बरोब्बर दुप्पट. हिशोब चोख.

मग घरात दोन बल्ब लावले तर भिंतीवर पट्टे का नाही दिसत? कारण बल्बमधला प्रत्येक अणू आपापल्या मर्जीने, छोट्या छोट्या तुकड्यांत प्रकाश सोडतो, साधारण सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात एक तुकडा संपतो आणि पुढचा भलत्याच ठिकाणापासून सुरू होतो. पट्टे बनतातसुद्धा पण इतक्या वेगाने जागा बदलतात की डोळ्याला फक्त सरासरी उजेड दिसतो. दोन्ही फटींना एकाच उगमाची लहर पोचवली की मात्र उगमात जो गोंधळ होईल तो दोन्हीकडे सारखाच होतो आणि पट्टे जागच्या जागी राहतात. लेझर नव्हता त्या काळात यासाठी आधी एक बारीक छिद्र ठेवायचे आणि मग पुढे दोन.

हा प्रयोग थॉमस यंगच्या नावावर आहे. पेशाने डॉक्टर, जन्म 1773, इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा, आणि हाच माणूस पुढे रोझेटा शिळेवरची इजिप्तची लिपी उलगडायच्या मागे लागला होता. तेव्हा न्यूटनचा दबदबा एवढा की प्रकाश कणांचाच बनलेला असं बहुतेक सगळे धरून चालायचे, ह्युजेन्सने लहरींची बाजू मांडली होती पण ती मागे पडलेली. यंगने आधार मात्र न्यूटनचेच घेतले. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या बाटशा बंदरात दिवसातून एकदाच भरती येते (कोकणात दोनदा येते हे आपल्याला माहीतच आहे), न्यूटनने त्याचं कारण दिलं होतं की दोन वेगळ्या वाटांनी येणारी भरती तिथे एकमेकींना मारते, यंग म्हणाला प्रकाशाचंही तसंच. वर न्यूटनच्याच पातळ थरांच्या मापांवरून त्याने तरंगलांब्या काढल्या, आजच्या मापात सांगायचं तर टोकाच्या लाल रंगाची साधारण 675 आणि टोकाच्या जांभळ्याची 425 नॅनोमीटर. आजही यात फारसं खोडण्यासारखं नाही.

पण पुस्तकांत जे चित्र असतं, 1801 किंवा 1803 मध्ये यंगने दोन फटी ठेवल्या वगैरे, ते तितकंसं बरोबर नाही. 24 नोव्हेंबर 1803 ला रॉयल सोसायटीपुढे त्याने जे सांगितलं त्यात फटी नव्हत्याच, खिडकीच्या झडपेतल्या छिद्रातून आरशाने उन्हाची तिरीप आत घेतली होती आणि तिच्यात इंचाचा तिसावा भाग रुंद अशी कार्डाची पट्टी धरली होती. पट्टीच्या सावलीत पट्टे दिसले, आणि पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे गायब झाले. म्हणजे मुद्दा तोच, दोन्ही वाटा उघड्या पाहिजेत. दोन छिद्रांचं वर्णन 1807 च्या त्याच्या छापील व्याख्यानांत आहे. लोकांनी लगेच मानलं असंही नाही, हेन्री ब्रूमने एडिंबरा रिव्ह्यू या नियतकालिकात त्याची यथेच्छ धुलाई केली, यंगने उत्तरादाखल पुस्तिका काढली तर तिची म्हणे एकच प्रत खपली. खरं वजन पडलं ते फ्रान्समध्ये फ्रेनेलने पक्कं गणित मांडल्यावर. प्वासाँने ते खोडायला म्हणून दाखवून दिलं की मग गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, अरागोने करून बघितलं आणि ठिपका खरंच पडला.

यंगच्या पट्टीचा प्रयोग घरीही होतो, डोक्याचा एक केस लेझर पॉइंटरच्या तोंडावर उभा चिकटवायचा, खोली अंधारी करायची आणि 2 मीटरवरच्या भिंतीवर बघायचं (लेझर कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये). ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी ठिगळं पसरलेली दिसतात, केस 0.07 मिलीमीटर जाड असेल तर ती 18-19 मिलीमीटरच्या अंतराने पडतात, आणि उलटं गणित केलं की केसाची जाडी मिळते. कॉलेजच्या लॅबमध्ये बऱ्याचदा फटींऐवजी फ्रेनेलचा बायप्रिझम (एकाच फटीचे दोन उगम भासवणारा चपटा प्रिझम) असतो, सोबत सोडियमचा दिवा, जो पेटतो गुलाबीसर आणि पिवळा व्हायला चांगला वेळ घेतो. स्लिट प्रिझमच्या कडेला अगदी समांतर नसली तर आयपीसमध्ये नुसता पिवळा उजेड दिसतो, आणि मग स्क्रू केसभर फिरवता फिरवता एकदम पट्टे उगवतात.

एक नेहमीचा घोळ म्हणजे एकट्या फटीतूनही पट्टे पडतात, ते विवर्तनाचे (म्हणजे बारीक फटीतून जाताना प्रकाश बाजूला पसरतो त्याचे), त्यांचा मधला पट्टा बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असतो. खऱ्या डबल स्लिटच्या फोटोत हे रुंद पट्टे आणि त्यांच्या पोटात व्यतिकरणाचे बारीक पट्टे असं दोन्ही एकत्र दिसतं.

पुढे 1909 मध्ये जी. आय. टेलरने सुईवर इतका मंद प्रकाश टाकला की तिच्या सावलीच्या फोटोला काही महिने लागले, तरी पट्टे होतेच. 1961 मध्ये ट्युबिंगेनला क्लाउस यॉन्सनने इलेक्ट्रॉनचे पट्टे मिळवले, आणि 1989 मध्ये तोनोमुरांच्या गटाने एकेक इलेक्ट्रॉन ठिपक्याठिपक्याने पडत पट्टे कसे भरत जातात ते दाखवलं. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे बघायला गेलं की पट्टे जातात. हा भाग क्वांटम भौतिकशास्त्राचा, तिथे लहर म्हणजे नेमकं काय यावर अजून वाद आहेत.

खगोलात मात्र हाच प्रयोग सरळ कामाला येतो. 1920 मध्ये माउंट विल्सनवर 100 इंची दुर्बिणीवर तुळई बसवून तिच्यावरचे आरसे एकमेकांपासून दूर सरकवत नेले, काक्षी म्हणजे बेटेलग्यूजच्या प्रकाशाचे पट्टे कुठल्या अंतरावर पुसले जातात ते बघितलं आणि त्यावरून त्या ताऱ्याचा कोनीय व्यास (म्हणजे तो आकाशात किती कोनाएवढा दिसतो ते) काढला, ते दोन आरसे म्हणजे दोन फटीच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना साधारण 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, तिथे रेडिओ लहरींसाठी प्रत्येक जोडी एकेक डबल स्लिट होते आणि अशा जोड्या भरतात 435.