सराव सुटतो, आत्मविश्वास मात्र टिकून राहतो

पिस्तूल हे अगदी छोट्या चुकीचीही मोठी किंमत वसूल करणारं हत्यार आहे. त्याच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरण्याच्या खुणांमध्ये, साधारण १६ सेंटिमीटरचं अंतर असतं. चाप ओढताना पुढची साइट फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी सहा सेंटिमीटरहून जास्त भरकटते, आणि पंचवीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरहून जास्त. रायफलीत दोन साइटमधलं अंतर याच्या तिप्पट-चौपट असतं, शिवाय तिला खांद्याचा टेकू मिळतो. पिस्तुलाला यातलं काहीच नाही. उलट अनेक पिस्तुलांचं वजन किलोभराच्या आत भरतं आणि चाप ओढायला मात्र दोन-अडीच किलोंचा जोर लागतो. हत्याराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर एकाच बोटाने लावायचा, आणि तेवढ्या वेळात हत्यार केसभरही हलू द्यायचं नाही.

उपजत कुणालाच हे येत नाही, शिकावं लागतं. आणि जे शिकावं लागतं, ते विसरताही येतं. म्हणूनच घरात पिस्तूल बाळगणाऱ्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न ‘नेम कसा आहे?’ हा नव्हे. ‘शेवटचा सराव कधी केला?’ हा आहे.

अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे आणि या विषयावर अभ्यासही तिथेच जास्त झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत बंदूकमालकांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी कधी ना कधी रीतसर प्रशिक्षण घेतल्याचं सांगितलं. ‘कधी ना कधी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. वीस वर्षांपूर्वी केलेला एका दिवसाचा वर्गही त्यात धरला जातो. तेव्हा काय येत होतं एवढंच त्यावरून कळतं. आज काय येतं, याचा पत्ता त्यातून लागत नाही.

सराव थांबल्यावर कौशल्याचं काय होतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. विन्फ्रेड आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या विषयावरचे ५३ शोधनिबंध एकत्र तपासले. खंड जितका लांबतो तितकी घसरण वाढते, हे अपेक्षितच होतं. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्या जास्त कामाचा आहे, तो म्हणजे सगळी कौशल्यं सारख्या वेगाने झिजत नाहीत. अंगमेहनतीची, नैसर्गिक हालचालींची आणि वेगावर मोजली जाणारी कामं बरीच टिकतात. डोकं लावण्याची, कृत्रिम आणि अचूकतेवर मोजली जाणारी कामं लवकर हातची जातात. पिस्तूल चालवणं बहुतांशी या दुसऱ्या गटात बसतं.

सायकल एकदा आली की जन्मभर येते, हा दाखला इथे लोक हमखास देतात. पण सायकल चालवणं ही अखंड चालणारी क्रिया आहे. तोल जरा ढळला की शरीर तो लगेच सावरतं, आणि चूक झाल्याचं त्याच क्षणी कळतं. पिस्तुलाचं काम सुट्या पायऱ्यांचं असतं. पकड घेणं, बोट चापापासून दूर ठेवणं, साइट जुळवणं, चाप एकसारखा मागे नेणं, काडतूस अडकलं तर मॅगझिन (काडतुसांची पेटी) ठोकून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचणं, आणि शेवटी मॅगझिन काढून चेंबर, म्हणजे झाडायचं काडतूस बसतं ती नळीमागची जागा, रिकामा आहे ना ते पाहणं. अशा सुट्या पायऱ्यांच्या कामात मधली एखादी पायरी गळते, आणि ती गळल्याचं आपल्याला कळतही नाही. छाती दाबून प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण, म्हणजे सीपीआर, याच जातीचं आहे. तिथे तीन ते सहा महिन्यांतच घसरण दिसू लागते, हे वारंवार आढळलं आहे. पिस्तुलाच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची गळालेली पायरी कोणती, तर चेंबर तपासण्याची. नेम चुकला तर कागदाला भलत्या जागी भोक पडतं, इतकंच. चेंबर पाहायचं राहिलं, तर घरातल्याच माणसाचा जीव जाऊ शकतो.

आता नेम बिघडवणाऱ्या सगळ्यात हट्टी दोषाकडे येऊ. नेमबाज त्याला ‘फ्लिंच’ म्हणतात. आवाज आणि धक्का येणार म्हणून अंग आधीच आक्रसतं, मनगट खाली दाबलं जातं, डोळे मिटतात. उजव्या हाताने गोळी झाडणाऱ्याच्या गोळ्या मग मध्यबिंदूच्या खाली आणि डावीकडे पडू लागतात.

यातलं विज्ञान फार सुंदर आहे. दारू पेटल्यापासून गोळी पिस्तुलाच्या दहा-अकरा सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत एक सहस्रांश सेकंदही जात नाही. मोठ्या आवाजाने दचकून पापणी मिटते, ती माणसाच्या सगळ्यात जलद प्रतिक्रियांपैकी एक. तिलाही तीस-चाळीस सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे अंग दचकायच्या कितीतरी आधी गोळी नळी सोडून गेलेली असते. तेव्हा ‘धक्क्यामुळे नेम हलला’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. नेम हलतो तो येऊ घातलेल्या धक्क्याच्या धास्तीने. मेंदू अंदाज बांधतो आणि स्फोटाच्या आधीच स्नायूंना हुकूम सोडतो.

या धास्तीमागची यंत्रणा शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची आहे, खाणं येणार या नुसत्या इशाऱ्याने लाळ गाळणाऱ्या. चाप मागे जातो आणि पाठोपाठ १६० डेसिबलच्या आसपासचा आवाज होतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कानाच्या धोक्याची पातळी मानतात, यावरून तो केवढा असेल ते लक्षात यावं. अशा काही शे गोळ्या झाडल्या की चापाचा दाब हीच मेंदूसाठी धोक्याची घंटा होऊन बसते. ही जोडी मोडता येते. स्फोटाविना चाप पुन्हा पुन्हा ओढला की ती हळूहळू विरते. पण अशी विरलेली प्रतिक्रिया काही काळ गेल्यावर आपोआप परत डोकं वर काढते, हेही पाव्हलोव्हनेच दाखवून दिलं होतं. सहा-आठ महिन्यांनी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, आलेला माणूस पहिल्याच मॅगझिनला पूर्वीसारखा दचकू लागतो, त्याचं कारण माझ्या मते इथे आहे. त्याचा हात विसरलेला असतोच, शिवाय जुनी भीती परत आलेली असते.

फ्लिंच स्वतःला दिसत नाही, कारण स्फोटाच्या झटक्यात तो झाकला जातो. तो उघडा पाडायची युक्ती सोपी आहे. सोबत्याने मॅगझिन भरताना खऱ्या काडतुसांमध्ये मधूनच एखादं नकली काडतूस घालायचं. ते कुठे आहे हे झाडणाऱ्याला माहीत नसतं. पहिली गोळी सुटते, दुसरी सुटते, आणि तिसऱ्यांदा नुसतं ‘टक’. धक्का आलेलाच नसतो, तरी पिस्तुलाचं तोंड झपकन खाली जातं, खांदे पुढे येतात. पाहणाऱ्याला हे स्पष्ट दिसतं आणि पिस्तूल ज्याच्या हातात आहे त्यालाही. वर्षानुवर्षं पिस्तूल बाळगणाऱ्यांनी ही चाचणी एकदा तरी करावी, असं मला मनापासून वाटतं.

यावरचा उतारा म्हणजे ड्राय फायर, अर्थात रिकाम्या पिस्तुलाने केलेला सराव. गोळी नाही, आवाज नाही, खर्च नाही. पुढच्या साइटवर नजर ठेवायची आणि ती न हलवता चाप मागे न्यायचा. ऑलिंपिकच्या पातळीवरचे नेमबाजही सरावाचा मोठा वाटा असाच करतात. त्यांच्या १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटरचं असतं.

गोळीविना गोळीबार कसा शिकता येईल, ही शंका रास्त आहे. पण कौशल्याचा मोठा भाग मेंदूत असतो, हाताकडे त्यातला थोडाच येतो. हंगेरीचा सैनिक आणि पट्टीचा नेमबाज कारोली ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेडने निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला, १९३९ मध्ये जागतिक स्पर्धेत सांघिक विजेतेपद मिळवलं, आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. नवा हात त्याला शिकवावा लागलाच. पण नजर कुठे ठेवायची, चाप कोणत्या क्षणी सुटू द्यायचा, ही जाण जुनीच होती.

ड्राय फायरचे नियम मात्र कडक आहेत आणि ते पाळणार नसाल तर हा सराव करूच नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चेंबर डोळ्यांनी पाहायचा आणि बोटाने चाचपायचा. नेम धरायचा तो अशाच दिशेने, जिथे गोळी सुटलीच तर ती अडेल. सराव संपला की संपला. पिस्तूल पुन्हा भरल्यावर ‘आता एकदाच’ म्हणून ओढलेला चाप हे अपघाताचं जुनं, ओळखीचं कारण आहे. पॉइंट टू टू (.२२) या छोट्या काडतुसाच्या हत्यारात नकली काडतूस घातल्याशिवाय ड्राय फायर टाळावं, नाहीतर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी कळ, चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात.

धक्का पचवून दुसऱ्या गोळीसाठी साइट परत जागेवर आणणं मात्र खऱ्या गोळीनेच शिकावं लागतं. म्हणजे रेंजवर जायलाच हवं. पण कितीदा?

ॲलन बॅडली आणि लाँगमन यांचा १९७८ चा एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. एका गटाने रोज एकच तास सराव केला, दुसऱ्याने रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारल्या. तासांचा हिशेब केल्यावर रोज एक तासवाल्यांना कळफलक आत्मसात करायला एकूण कमी तास लागले. काही महिन्यांनी परत तपासलं, तेव्हा चार तासवाले सगळ्यांत मागे होते. गंमत अशी की आपल्या प्रशिक्षणावर सगळ्यांत नाखूश होते ते रोज एक तासवालेच, कारण त्यांचा अभ्यासक्रम जास्त दिवस रेंगाळला. जे मनाला भावतं तेच अंगवळणी पडतं असं नाही, हे या प्रयोगातून स्वच्छ दिसतं.

पिस्तुलाला हेच लावून पाहिलं तर सहा महिन्यांतून एकदा रेंजवर जाऊन अडीच-तीनशे गोळ्या उडवणं हा जवळजवळ सगळ्यात वाईट मार्ग ठरतो. शंभरेक गोळ्यांनंतर हात थकतो, थकलेला हात दचकतो, आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या दचकण्याचाच सराव घडवतात. त्याच गोळ्या महिन्याला चाळीस-पन्नास अशा वाटून घेतल्या आणि मधल्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं ड्राय फायर केलं, तर खर्च तेवढाच राहून कमाई कितीतरी पटींनी वाढते. हे आकडे प्रयोगशाळेने ठरवून दिलेले नाहीत. शिकण्याच्या विज्ञानावरून मी काढलेला हा अंदाज आहे.

सराव कसला करायचा, हाही प्रश्न आहेच. एकाच अंतरावर, एकाच कागदावर, एकाच लयीत झाडत राहिलं की त्या दिवशी गोळ्या छान जुळून पडतात. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की एकेक हालचाल ओळीने घोटणारे सरावाच्या वेळी पुढे असतात, पण काही दिवसांनी चाचणी घेतली की हालचाली उलटसुलट क्रमाने करणारे पुढे निघून जातात. तेव्हा अंतर बदला, क्रम बदला, दोन्ही हातांनी आणि मग एका हाताने झाडा. कागदावरचं चित्र बिघडेल, ते बिघडू द्या.

कागदावर जमलं म्हणजे प्रसंगी जमेल, असंही नाही. न्यूयॉर्क पोलिसांबाबतचा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा २००८ चा अहवाल सांगतो की १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या फक्त १८ टक्के गोळ्या लागल्या, आणि समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. हे लोक रेंजवरची पात्रता चाचणी नियमाने देणारे होते. नेदरलँड्समध्ये न्यूवेनहाउस आणि औडेयान्स यांनी पोलिसांचा सराव मुद्दाम धास्तीच्या वातावरणात घेतला, समोरचा माणूस उलट रंगीत साबणाच्या गोळ्या झाडेल अशी व्यवस्था करून. त्या पोलिसांचा नेम दडपणाखाली सुधारला आणि चार महिन्यांनीही सुधारणा टिकून होती.

त्याहून महत्त्वाचा मला वाटतो तो जोन व्हिकर्स आणि बिल लेविन्स्की यांचा २०१२ चा अभ्यास. गट लहान होता, पण निकाल डोळ्यांत भरण्यासारखा आहे. समोरचा माणूस झटकन वळतो, हातात कधी पिस्तूल असतं, कधी नुसता मोबाइल. मोबाइल असताना नवख्या पोलिसांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी गोळी झाडली, मुरलेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास. नवख्यांची नजर शेवटच्या क्षणी समोरच्या माणसावरून सुटून स्वतःच्या साइटकडे धावत होती. मुरलेल्यांचा हात आपलं काम आपोआप करत होता, म्हणून नजर समोरच्याच्या हातांवर टिकून राहत होती. सरावाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चाप, पकड आणि साइट यांच्याकडे लक्ष द्यावं लागेनासं झालं, तरच गोळी न झाडण्याचा निर्णय घ्यायला डोकं मोकळं राहतं.

एवढं सगळं झिजत असताना एक गोष्ट मात्र झिजत नाही. एर्लिंगर, डनिंग आणि सहकाऱ्यांनी एका नेमबाजी स्पर्धेला आलेल्या हौशी बंदूकमालकांची शस्त्रसुरक्षेच्या ज्ञानावर परीक्षा घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना सगळ्यात कमी गुण मिळाले, त्यांनीच स्वतःला खऱ्या गुणांपेक्षा खूप वर धरलं होतं. आपलं काय सुटलंय हे ओळखायलाही तेच ज्ञान लागतं, जे सुटलेलं असतं.

वयाचाही हिशेब ठेवावा लागतो. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि हातभर अंतरावरची पुढची साइट धूसर दिसू लागते. ती कडेने तीक्ष्ण दिसली नाही तर सुरुवातीला सांगितलेला एक मिलिमीटर डोळ्यालाच सापडत नाही. सराव वाढवून हे भरून निघत नाही, त्या अंतराचा चश्मा लागतो.

आपला सराव पुरतोय का, हे पाहायची एक चाचणी आहे आणि ती प्रत्येकाला करता येते. रेंजवर पोहोचल्यावर आधी हात गरम करायचा नाही. नव्या कागदावर, ठरलेल्या अंतरावरून पहिल्या पाच गोळ्या झाडायच्या, कागद उतरवून त्यावर तारीख घालायची, आणि त्या पाच भोकांचा पसारा मोजून ठेवायचा. पन्नास गोळ्या झाल्यावरचा सुरेख कागद आजच्या सरावाची कमाई दाखवतो. गेल्या खेपेपासून अंगात काय उरलं, ते या पहिल्या पाच गोळ्या दाखवतात. खेपेगणिक हा पसारा वाढत असेल, तर दोन खेपांमधलं अंतर जास्त होतंय.