वाणी पाळताय? फवारा जरा बाजूला ठेवा

पावसाळ्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीच्या बागेत दिसणारा, हात लागताच वेटोळं करणारा वाणी (मिलिपीड) हल्ली काही हौशी घरांत काचेच्या पेटीत नांदतो. जुलैत त्याचं उत्तम चालतं. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा मात्र त्याचे हाल सुरू होतात. कीटकांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणकट थर असतो, श्वासाची छिद्रंही मिटता येतात. बहुतेक वाण्यांना हा थर नसतो आणि छिद्रं कायम उघडी. कोरड्या हवेत त्यांच्या अंगातलं पाणी उडतच राहतं.

यावर सगळे फवारा मारतात. पण हिशोब करून बघा. २० लिटरच्या पेटीतली हवा ३० अंशांना बाष्पाने पूर्ण भरली, तरी त्यात पाणी जेमतेम ०.६ ग्रॅम, म्हणजे दहा-बारा थेंब! जाळीच्या झाकणातून तेवढं बाष्प निसटायला कितीसा वेळ लागणार? आर्द्रता मोजणारा मीटर ९० टक्के दाखवतो आणि आपला चहा होईपर्यंत पुन्हा खाली येतो.

साठा करायचा तो मातीत. कोकोपीट, कुजकं लाकूड आणि वाळका पाला यांचा चांगला वीतभर थर लिटरभर पाणी सहज धरतो आणि ते सावकाश सोडतो. पाणी एका कोपऱ्यातून हळूहळू ओतावं, म्हणजे ते तळापर्यंत जातं. वरचा पाला सुकला तरी बिघडत नाही. मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. दुसरी बाजू कमी ओली ठेवा. कुठे बसायचं ते वाण्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कात टाकायलाही तो मातीतच शिरतो, त्या दिवसांत उकराउकरी नको. अर्धी जाळी काचेने झाका आणि पेटी पंख्याखालून हलवा.

टक्केवारी तापमानावरही नाचते. घनमीटरमागे १२ ग्रॅम बाष्प असलेली हवा २० अंशांना ७० टक्के दमट ठरते, तीच ४० अंशांना २४ टक्क्यांच्या आत. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीतली पेटी आधी सावलीत न्या, पाण्याचं नंतर बघू.

स्वस्तातल्या मीटरवर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते विरघळणार नाही इतपतच पाण्याने भिजवा आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. फरक असेल तर डब्यावर लिहून ठेवा.

जुलैत झाकणावरची काच काढा आणि ओतणं जवळपास थांबवा. कोंदट पेटीत बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक, कोळ्यांच्या जातीचे जीव) फार लवकर माजतात.