पूर्वछाया (ख्रिस्ती शास्त्रवाचन)

इब्री पवित्र शास्त्रातील (ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारातील) एखादी व्यक्ती, घटना, वस्तू किंवा विधी म्हणजे पुढे येणाऱ्या मशीहाची, म्हणजे ख्रिस्ताची, आगाऊ पडलेली सावली, असे मानून ते शास्त्र वाचण्याची ख्रिस्ती पद्धत. नव्या करारात प्रेषित पौल आदामाला येणाऱ्याचे ‘प्रतिरूप’ म्हणतो (रोमकरांस पत्र 5:14). सण आणि शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विसाव्याचा दिवस) यांना ‘छाया’ म्हटले आहे (कलस्सैकरांस पत्र 2:17).

भाकीत आणि पूर्वछाया यांची नेहमी गल्लत होते. भाकितात संदेष्टा पुढचे बोलतो: मीखा 5:2 मध्ये बेथलेहेमचे नाव घेऊन राज्यकर्ता येईल असे म्हटले आहे. पूर्वछायेत कोणी काही बोललेलेच नसते. मोशेने अरण्यात पितळी साप खांबावर टांगला तो सर्पदंश झालेल्यांना वाचवण्यासाठी (गणना 21). तो पुढच्या कशाची खूण आहे असे त्या अध्यायात एका शब्दानेही म्हटलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (3:14) येशू तो प्रसंग स्वतःला लावतो. पूर्वछाया दिसते ती मागे वळून पाहणाऱ्यालाच. तिला पुरावा म्हणून पुढे केले की वाद हरलाच म्हणून समजावे.

सर्वांत भक्कम उदाहरण वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातील गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाचे. निर्गम 12 मधील तपशील नेमके आहेत: पहिल्या महिन्याच्या 10 तारखेला घरटी एक कोकरू निवडायचे, ते एक वर्षाचे, निर्दोष, नर, मेंढरांतले किंवा बकऱ्यांतले असावे, 14 तारखेला संध्याकाळी कापायचे, एजोब या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे, मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर त्याच रात्री खायचे, हाड मोडायचे नाही. योहानाच्या 19व्या अध्यायात क्रूसापाशी एजोबही आहे (वचन 29) आणि न मोडलेले हाडही (वचन 36). अडचण वेगळीच आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. योहानाकडे मात्र येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरे कापली जात त्या दिवशी, होतो. कोकरू आणि क्रूस यांची वेळ जुळते ती योहानाच्या हिशेबाने, आणि उपदेशात हे सहसा सांगितले जात नाही.

नाशिककरांच्या रोजच्या तोंडी असलेल्या एका नावातही असाच एक विषय दडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तिथे आसरा आणि शिक्षण मिळाले. या नावाचा अर्थ गणना 35 मधल्या आश्रयाच्या नगरांशी जुळतो. अशी नगरे सहा: यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. हातून नकळत मनुष्यवध झालेल्याने तिथे पळून जायचे, मंडळीसमोर न्याय व्हायचा. हेतू नव्हता असे ठरले तर त्याने मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत नगरातच राहायचे. त्याआधी वेशीबाहेर पाऊल टाकले तर रक्ताचा सूड घेणारा त्याला मारू शके. पैसे भरून लवकर सुटण्याची सोय नव्हती. ‘नगर म्हणजे ख्रिस्त’ एवढ्यावर थांबणारे प्रवचन अर्धेच राहते. ख्रिस्ती वाचनाची खरी पकड मुख्य याजकाच्या मृत्यूत आहे: तो मेला की आश्रित मोकळा. पण जाणूनबुजून खून करणाऱ्याला या नगरांत थारा नव्हता, आणि क्षमेची शुभवार्ता तर त्याच्यासाठीही आहे. सावली इथे तुटते. ती कुठे तुटते हे सांगणारा वाचक विश्वासार्ह.

द्राक्षवेलीचे तसेच. यशया 5 मध्ये मालक जमीन खणतो, दगड वेचतो, उत्तम वेल लावतो, बुरूज आणि द्राक्षकुंड बांधतो, आणि हाती येतात रानद्राक्षे. तिथे मळा म्हणजे इस्राएल. योहान 15 मध्ये येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो, तेव्हा इस्राएलची ती जागा तो स्वतःकडे घेतो. फळ देणाऱ्या फांदीलाही बाप छाटतो हे वाक्य शहरी वाचकाला कठोर वाटते. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला ते समजावून सांगावे लागत नाही. मात्र दोन हेरांनी काठीवर टांगून आणलेला द्राक्षांचा घड (गणना 13:23) म्हणजे लाकडावर टांगलेला ख्रिस्त, हे जुन्या लेखकांचे वाचन सुंदर असले तरी नव्या कराराचा त्याला आधार नाही.

चूक होते ती बहुधा इथेच. भूमिका किंवा कृती जुळण्याऐवजी रंग, लाकूड आणि आकडे जुळवले जातात. ‘बर्णबाचे पत्र’ या प्राचीन लेखनात अब्राहामाचे 318 सेवक (उत्पत्ति 14:14) घेऊन 18 म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि 300 म्हणजे क्रूसाच्या आकाराचे अक्षर, असा हिशेब मांडला आहे. तो फक्त ग्रीक अक्षरांत बसतो; उत्पत्ति मात्र इब्रीत आहे. भाषांतरही असेच फसवते. यशया 7:14 मधील इब्री ‘अल्मा’ म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, आले आणि मत्तयाने तेच घेतले. मूळ प्रसंगात ती खूण आहाज राजाला त्याच्याच काळातल्या युद्धात दिलेली आहे. आधी हा पहिला अर्थ सांगावा, मग मत्तयाचा. उलट्या दिशेनेही नुकसान होते: ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू हे एकच नाव आहे, मराठीत दोन वेगळी नावे झाल्याने लोकांना यार्देनेपार नेणारा यहोशवा आणि येशू यांचा दुवा कानाला लागतच नाही.

यहुदी वाचन वेगळे आहे, आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांसाठी वल्हांडण ही कशाची सावली नसून जिवंत सण आहे. यशया 53 मधला दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल लोक, असे राशी (1040–1105) या भाष्यकाराचे मत. ग्रंथांचा क्रमही वेगळा: इब्री शास्त्राचे 24 ग्रंथ बहुतेक छापील प्रतींत ‘इतिहास’ या ग्रंथाने संपतात, तर ख्रिस्ती जुना करार ‘मलाखी’ या ग्रंथाने, म्हणजे एलीया संदेष्टा येईल या वचनाने. तेच शास्त्र, पण शेवटचे पान बदलले की वाचक पुढच्या पानाची वाट पाहू लागतो. वचनांचे आकडेही पाहून घ्यावेत: यशया 9:6 हे इब्री प्रतीत 9:5 असते.

उपासनेत ही पद्धत ठरावीक वाचनांतून येते. कॅथलिक मिस्सेत (उपासनाविधीत) वर्षातल्या साधारण काळातील, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या, रविवारी पहिले वाचन त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल असे जुन्या करारातून निवडलेले असते. चक्र तीन वर्षांचे. पवित्र गुरुवारी निर्गम 12, शुभ शुक्रवारी यशया 52:13 ते 53:12. पुनरुत्थानाच्या जागरण-रात्री जुन्या करारातील सात वाचने असतात. वेळेअभावी ती कमी करता येतात. समुद्र दुभंगण्याचा निर्गम 14 मात्र कधीच गाळत नाहीत.