थर्मल लेबल

थर्मल लेबल : उष्णता लागताच काळा पडणारा लेप असलेला, पाठीला गोंद लावलेला आणि गुळगुळीत कागदावरून सोलून चिकटवता येणारा कागद. बोलण्यात त्याला सरसकट ‘स्टिकर’ म्हणतात. विकणारे त्याला ‘डीटी’, म्हणजे डायरेक्ट थर्मल, या नावाने ओळखतात. त्यावर छापायला शाई लागत नाही आणि रिबन, म्हणजे शाईचा लेप असलेली फीत, हीही लागत नाही. प्रिंटरच्या हेडमध्ये ओळीने बसवलेले बारीक बिंदू क्षणभर तापतात, कागद त्यांना घासून पुढे सरकतो आणि जिथे चटका बसला तिथे काळा ठिपका उमटतो. साध्या प्रिंटरमध्ये असे ८ बिंदू एका मिलिमीटरमध्ये असतात.

विदर्भाच्या ग्रामीण भागात हे लेबल मिनी दाल मिलच्या पाऊचवर, बचतगटाच्या तिखट-हळदीवर, ग्रामीण रुग्णालयातल्या रक्ताच्या नळीवर, कुरिअरच्या पाकिटावर आणि किराणा दुकानातल्या काट्यावरून निघणाऱ्या चिठ्ठीवर दिसते. अडचण अशी की हे लेबल उष्णतेने लिहिले जाते, आणि मे महिन्यात इथे उष्णतेची कमतरता नसते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि ४७ अंशांच्याही नोंदी आहेत. साधे थर्मल लेबल ६० ते ७० अंशांच्या आसपास करडे पडू लागते. सावलीतल्या ४५ अंशांनी त्याला लगेच काही होत नाही. पण नवतपात उन्हात उभ्या केलेल्या मालवाहू गाडीच्या काचेमागे किंवा टिनाच्या छपराला लागून असलेल्या फळीवर ६० अंश गाठायला वेळ लागत नाही.

‘कोटेड’ या शब्दाचा घोळ

दुकानात जाऊन ‘कोटेड लेबल द्या’ म्हटले तर तीन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. पहिली साधे डीटी. उष्णतेने काळा पडणारा थर हाही लेपच असल्याने त्याला कोटेड म्हणणे चूक नाही. दुसरी टॉप-कोटेड डीटी, ज्यात त्या थरावर संरक्षक लेप असतो. तिसरी क्रोमो, म्हणजे एका बाजूला चिनी मातीसारख्या पांढऱ्या रंगद्रव्याचा लेप असलेला चकचकीत कागद. क्रोमोत उष्णतेने काळे पडणारे काहीही नसते. तो रिबनवर चालणाऱ्या प्रिंटरसाठी, म्हणजे थर्मल ट्रान्सफर पद्धतीसाठी असतो. रिबन नसलेल्या प्रिंटरमध्ये क्रोमोचा रोल घातला की कोरी लेबले बाहेर येतात आणि प्रिंटर बिघडला असा समज होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. लेबलावर नखाने जोरात ओढावे. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उठली तर ते डीटी, नाही उठली तर क्रोमो. टॉप-कोटेड लेबलावर रेघ उठते, पण फिकी उठते आणि जास्त जोर लावावा लागतो.

कसे बनते

पाया म्हणून साधा गुळगुळीत कागद घेतात. त्यावर आधी एक अस्तर देतात. ते भाजलेल्या चिनी मातीचे किंवा पोकळ प्लास्टिक कणांचे असते. या अस्तरात हवा कोंडलेली असते, त्यामुळे हेडची उष्णता कागदात मुरत नाही आणि वरच्या थरालाच मिळते. अस्तर हलक्या प्रतीचे असेल तर अक्षर फिके येते, मग वापरणारा प्रिंटरचा ‘डार्कनेस’ वाढवत जातो आणि हेड लवकर संपते.

त्यावरचा रंग देणारा थर ही या लेबलाची खरी करामत. त्यात एक रंगहीन रंजक असतो आणि त्याला रंग आणणारा आम्लधर्मी विकासक असतो. दोन्ही घन कणांच्या रूपात शेजारीशेजारी बसलेले असतात, पण एकमेकांत मिसळलेले नसतात. चटका बसला की ते वितळून एकत्र येतात, रंजकाच्या रेणूतले एक बंद कडे उघडते आणि रंग दिसतो. काळ्या रंगासाठी फ्लुओरान गटातले रंजक वापरतात. वितळण्याचे तापमान खाली आणण्यासाठी तिसरा एक पदार्थ घालतात, त्याला संवेदक म्हणतात. रंजक आणि विकासक पाण्यात वेगवेगळे दळावे लागतात, साधारण एक मायक्रॉनपर्यंत. एकाच चक्कीत दळले तर दळतानाच मिश्रण करडे होते. हळद आणि चुना एकाच खलात कुटून पिवळा रंग मागण्यासारखाच तो प्रकार.

दळलेल्या मिश्रणात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा बांधणारा पदार्थ घालतात. कागद हेडला चिकटू नये म्हणून मेणासारखे वंगणही घालतात. मग चौरस मीटरला अवघे काही ग्रॅम एवढा पातळ लेप चढवतात. पुढचे काम नाजूक असते. ओला लेप वाळवायला गरम हवा लागते, पण लेप स्वतः गरम झाला तर सगळा रोल काळा होतो. लेपातले पाणी उडत असते तोवर कागद थंड राहतो, माठातल्या पाण्यासारखा. पाणी संपायच्या आत कागद भट्टीतून बाहेर काढावा लागतो.

टॉप कोट हा त्यावरचा पारदर्शक थर. तोही बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचाच असतो. तेल, पाणी, घाम आणि प्लास्टिकमधले मऊकारक द्रव्य आत जाऊ नये हे त्याचे काम. हेडची झीजही तो कमी करतो, कारण टॉप कोट नसलेला कागद खनिज कणांमुळे बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो. कागदाच्या पाठीलाही एक रोधक लेप देतात, म्हणजे गोंदातली द्रव्ये मागून वर चढत नाहीत. स्वस्त मालात काटछाट बहुधा या दोन लेपांतच होते. वरून पाहून ते कळत नाही.

गोंद कागदाला थेट लावत नाहीत. लायनर म्हणजे ज्यावरून लेबल सोलायचे तो ग्लासिन कागद. त्यावर सिलिकॉनचा अतिशय पातळ थर असतो. गोंद आधी या सिलिकॉनवर पसरून भट्टीत वाळवतात, आणि त्यानंतर थर्मल कागद त्यावर दाबून बसवतात. अशाने गोंदाच्या भट्टीची धग थर्मल थरापर्यंत पोचतच नाही. पुढे लेबल सोलताना गोंद सिलिकॉन सोडून कागदाबरोबर निघून येतो.

इथपर्यंतचे काम मोठ्या यंत्रांचे. तिथून मिळणारे रुंद जंबो रोल छोटे कारखाने चिरतात, डायने, म्हणजे धारदार साच्याने, लेबलांच्या आकारात कापतात, मधली जाळी ओढून काढतात आणि गुंडाळतात. डायने फक्त वरचा कागद कापायचा असतो, लायनरला धक्का लागता कामा नये. धार खोल गेली तर चालू प्रिंटरमध्ये रोल तुटतो. नवीन पुरवठादाराचा माल आला की चार लेबले सोलून मोकळ्या लायनरवर मार्करची शाई फिरवावी. लायनर कापला गेला असेल तर कापाच्या रेषा शाई पितात आणि लगेच दिसतात.

लेबलांमधली मोकळी जागा बहुतेक ३ मिलिमीटर असते. प्रिंटरचा डोळा तीच पाहून एक लेबल संपले हे ओळखतो.

इतिहास

चिकट पाठीचे सोलून लावायचे लेबल रे स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बनवले. अमेरिकेतच १९६० च्या दशकात थर्मल कागद पुढे आला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी दुकानात पहिला बारकोड वाचला गेला, तो च्युइंगमच्या पाकिटावरचा होता. भारतात जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून मिळणारे बारकोड ८९० ने सुरू होतात. ८९० म्हणजे माल भारतात बनला, असा समज गावोगावी पक्का आहे. प्रत्यक्षात तो आकडा क्रमांक कोणी दिला एवढेच सांगतो.

निवड

लेबलाला सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न म्हणजे ते किती दिवस वाचता यायला हवे. कुरिअरच्या लेबलाला आठ-दहा दिवस पुरतात आणि काट्यावरच्या चिठ्ठीला संध्याकाळपर्यंतचा वेळ पुरतो. या कामांना साधे डीटी पुरेसे आहे, त्यावर जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. विक्रीच्या पाऊचची गोष्ट वेगळी. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष पाऊचवर हवे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांकही हवा. सहा महिन्यांनी हे सगळे पुसले गेले तर कागदावर नियम पाळला होता हे सांगून भागत नाही.

तुरीची डाळ हा सोपा माल आहे. कोरडी असते, तेल सुटत नाही, आणि टॉप-कोटेड डीटी तिच्यावर चांगले टिकते. हळद आणि तिखट यांचे तसे नाही. वायगावची हळद असो की भिवापूरची मिरची, दोन्हींची बारीक भुकटी पाऊचच्या बाहेर बसते, आणि गोंद पाऊचला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो. दोन दिवसांत लेबलाचे कोपरे उठतात. म्हणून लेबल रिकाम्या पाऊचवर आधीच लावतात, भुकटी नंतर भरतात. पण मग दुसरी गोची होते. पाऊच सील करताना तापलेली पट्टी लेबलाच्या जवळून गेली की लेबलाची वरची कड काळी होते, कधी नेमकी तारखेवरच. सीलच्या रेषेपासून लेबल निदान दोन बोटे खाली असावे. श्रिंक रॅपच्या, म्हणजे उष्णतेने आक्रसून घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या, गरम बोगद्यातून जाणाऱ्या मालाला तर डीटी लावूच नये, सगळे लेबल एकसारखे काळे होऊन बाहेर येते.

लोणचे, तेलातला ठेचा, शेंगदाण्याची तेलकट चटणी यांच्या बरणीवर डीटी लावणे म्हणजे पाटीवर खडूने लिहून पावसात ठेवणे. तेल आत शिरले की रंजक आणि विकासक एकमेकांपासून सुटतात आणि अक्षर विरत जाते. रिकामा डाग राहतो, लेबल मात्र जागच्या जागी असते. टॉप कोटने हे लांबते, थांबत नाही, कारण कापलेल्या कडांना टॉप कोट नसतो आणि तेल तिथून चढते. अशा मालाला क्रोमोवर रिबनने छापावे, आणि बरणी वारंवार हाताळली जाणार असेल तर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या लेबलावर रेझिन रिबन, म्हणजे राळेसारख्या टिकाऊ लेपाची रिबन, घ्यावी. रिबनचा प्रिंटर घेणे परवडत नसेल तर नाव-पत्ता छापखान्यातून छापून आणावा आणि तारीख-किंमत न पुसणाऱ्या शिक्क्याने मारावी. यात कमीपणा नाही. पुष्कळ गट तसेच करतात आणि त्यांची तारीख वर्षभर वाचता येते.

स्पिरिट तेलाच्या उलट वागते. ते रंजक आणि विकासक दोघांनाही विरघळवून एकत्र आणते, म्हणून साध्या डीटीवर स्पिरिटचा बोळा टेकला की लेबल काळे होते. रक्ताच्या नळीवर त्यासाठी टॉप-कोटेडच लागते. शिवाय नळी बारीक आणि गोल असल्याने कागद मऊ आणि गोंद धरून ठेवणारा असावा लागतो, नाहीतर लेबलाची टोके झेंड्यासारखी उभी राहतात.

गोंदाचे मुख्य दोन प्रकार भेटतात. पाण्यावर आधारलेला ॲक्रिलिक गोंद उन्हाला आणि काळाला चांगला टिकतो. रबराचा हॉटमेल्ट पहिल्या स्पर्शालाच घट्ट धरतो आणि विणलेल्या प्लास्टिक पोत्यासारख्या अवघड पृष्ठभागावरही बसतो, पण उन्हाळ्यात मऊ होतो. मग लेबल सरकते, कडेने गोंद बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसून काळी चौकट तयार होते. मे महिन्यात गोदामात पडून राहणाऱ्या मालाला ॲक्रिलिक बरा. पोत्याला लेबल चिकटवण्यापेक्षा खूणचिठ्ठी तोंडाशी शिवणे आजही सर्वांत खात्रीचे आहे. बियाण्याच्या पोत्याला प्रमाणीकरणाचा निळा टॅग शिवूनच लावतात. संत्र्याच्या पेट्या शीतगृहात जाणार असतील तर लेबल पेटी कोरडी असताना, आत नेण्यापूर्वी लावावे. बाहेर आल्यावर पेटीला दव सुटते आणि ओल्या पुठ्ठ्यावर कोणताच साधा गोंद धरत नाही.

घाऊक माल घेण्यापूर्वीची परीक्षा घरीच होते. दहा लेबले छापून खऱ्या पाऊचवर लावावी. दोन उन्हात, दोन टिनाच्या छपराखाली, दोन तेलाचे बोट फिरवून आणि दोन बंद गाडीत ठेवावी, उरलेली कपाटात. पंधरा दिवसांनी शेजारीशेजारी मांडावी. ही परीक्षा डिसेंबरात घेऊन मे महिन्याचा माल घेऊ नये.

साठवण

कोरे रोल २० ते २५ अंशांत, अंधारात आणि बेताच्या दमटपणात ठेवावे असे उत्पादक सांगतात. खेड्यात एवढे तापमान राखणे कठीण, पण जाड मातीच्या भिंतीची आतली खोली आणि जमिनीजवळची फळी टिनाच्या शेडपेक्षा कितीतरी बरी. वर्षभराचे रोल मार्चमध्ये भरून ठेवू नयेत. कूलरसमोर रोल उघडा ठेवला की कागद ओल धरून वळतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून वापर झाला की रोल पॉलिथिनच्या पिशवीत बांधावा. पीव्हीसीच्या मऊ पिशवीत ठेवू नये, तिच्यातले मऊकारक द्रव्य अक्षरे खाते.

दाल मिलची धूळ आणि तिखट हेडवर बसले की लेबलावर उभी पांढरी रेघ येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसूनही ती गेली नाही तर तो बिंदू मेला असे समजावे. प्रत्येक रोल बदलताना हेड पुसण्याची सवय असेल तर ही वेळ उशिरा येते.

आरोग्य आणि कचरा

विकासक म्हणून बराच काळ बिस्फेनॉल-ए (बीपीए) वापरले गेले. ते हातावर येते आणि शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते, म्हणून युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातले त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांहून कमी ठेवण्याचे बंधन घातले. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या मालात कधी बिस्फेनॉल-एस असते. तेही बिस्फेनॉल-एचेच जवळचे नातेवाईक. दिवसभर लेबले सोलणाऱ्या बायांनी जेवणापूर्वी हात साबणाने धुणे हा साधा उपाय आहे. थर्मल चिठ्ठ्या आणि लेबले रद्दीत मिसळू नयेत.

२५ मिलिमीटर उंचीच्या हजार लेबलांमागे २८ मीटर लायनर उरतो. सिलिकॉनमुळे तो नेहमीच्या रद्दीबरोबर सहज लगदा होत नाही, म्हणून वेगळा बांधून ठेवावा लागतो. गुळगुळीत आणि न चिकटणारा असल्याने त्यावर पापड-कुरडया वाळत घालण्याचा मोह होतो. पण तो अन्नासाठी बनवलेला नसतो आणि कडांना गोंदाचे कण राहिलेले असतात, तेव्हा वाळवणाला सुती धोतरच अंथरावे.