हलक्या लिनक्स आवृत्तीची मुदत

हलक्या लिनक्स आवृत्तीची मुदत : जुन्या किंवा कमी ताकदीच्या संगणकांसाठी बनवलेल्या लिनक्स कार्यप्रणालीची एखादी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून तिला सुरक्षेच्या आणि दोषदुरुस्तीच्या अपडेट जितका काळ मिळत राहतात, तो काळ. बोलताना सगळे याला ‘सपोर्ट’च म्हणतात. लुबुंटू, झुबुंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हा एक हलका डेस्कटॉप) आवृत्ती, एमएक्स लिनक्स, अँटीएक्स, पपी ही या गटातली परिचित नावे. विदर्भातल्या दारव्हा, मोर्शी, मूल किंवा सडक अर्जुनीसारख्या तालुक्यांतल्या खेड्यांत, जिथे शाळेचा किंवा वाचनालयाचा संगणक दहा-बारा वर्षे पुरवावा लागतो, तिथे अशा प्रणाली फार उपयोगी पडतात.

मुदत आवृत्तीची असते, संगणकाची नसते. ती मोजली जाते आवृत्ती प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून. आपण ती कधी बसवली याला महत्त्व नाही. लुबुंटू २२.०४ जानेवारी २०२५ मध्ये कोऱ्या हार्ड डिस्कवर बसवले असते, तरी हाती तीनच महिने उरले होते, कारण त्याची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. खेड्यात ही चूक सहज होते. तालुक्याच्या दुकानदाराकडे एकच पेनड्राइव्ह असतो, तो चालतो तोवर तीच आवृत्ती गावोगाव बसत राहते, आणि पेनड्राइव्हवर कोणती आवृत्ती आहे हे विचारायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना वैधतेची तारीख पाहणारा माणूस इथे मात्र तारीख पाहत नाही. बियाणे पिशवीत पडून आपोआप कमजोर होते. सॉफ्टवेअर तसे कमजोर होत नाही. त्यातल्या जुन्याच उणिवा पुढे उघडकीस येतात आणि त्या बुजवणारे कोणी उरत नाही.

लुबुंटू आणि झुबुंटू ही उबुंटू या लिनक्स प्रणालीची रूपे. या उबुंटूच्या घराण्यात आवृत्तीचा क्रमांक हीच जन्मतारीख असते. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती येते. त्यांतली सम वर्षाच्या एप्रिलमधली आवृत्ती दीर्घ मुदतीची असते, तिला एलटीएस म्हणतात. मधल्या आवृत्त्यांना २०१३ पासून फक्त ९ महिने मिळतात. त्याआधी १८ मिळत. २४.१० ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि जुलै २०२५ मध्ये संपली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे वर्ग सुरू होऊन स्थिरावतात तोवरच ही आवृत्ती बाद. शाळेत मधली आवृत्ती कधीच बसवू नये.

सर्वांत मोठा घोळ ‘एलटीएस’ या तीन अक्षरांवरून होतो. एलटीएस म्हणजे पाच वर्षे, असे बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. मूळ उबुंटूपुरते ते खरे आहे. लुबुंटू आणि झुबुंटू यांच्या एलटीएसला मात्र तीनच वर्षे आहेत. लुबुंटू १८.०४ एप्रिल २०२१ मध्ये संपले, २०.०४ एप्रिल २०२३ मध्ये, आणि २४.०४ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. क्रमांकातल्या वर्षात तीन मिळवा, एवढा हिशेब पुरतो.

हा फरक का पडतो? उबुंटूचा गाभा, म्हणजे कर्नल (यंत्र चालवणारा सर्वांत आतला भाग) आणि मूळ पॅकेजे (सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे), कॅनॉनिकल ही कंपनी पगारी माणसे लावून पाच वर्षे सांभाळते. लुबुंटूचा डेस्कटॉप, त्याच्या खिडक्या, मेनू, फाइल मॅनेजर, हे स्वयंसेवकांच्या छोट्या गटाकडे असते. उणीव सापडली की तिचा उपाय आधी त्या सॉफ्टवेअरच्या ताज्या रूपात लिहिला जातो. जुन्या आवृत्तीत तो बसवायचा तर कापून-जोडून वेगळा करावा लागतो. जितकी आवृत्ती जुनी, तितके हे काम किचकट. नोकरी-शिक्षण सांभाळून हे करणाऱ्या माणसांनी तीन वर्षांचा शब्द दिला आणि तो पाळला, हे मला पाच वर्षांच्या पोकळ आश्वासनापेक्षा मोलाचे वाटते. तीन वर्षांनंतर गाभ्याला अपडेट येत राहतात, म्हणून संगणक ‘अपडेट झाला’ असे सांगतो. डेस्कटॉपकडे मात्र कोणी पाहत नसते. २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या वाटेने येतो आणि स्वतःहून ताजा होतो, त्यामुळे तर काही बिघडले आहे असे वाटतच नाही. उबुंटू प्रो ही सेवा घरगुती वापराला ५ यंत्रांपर्यंत मोफत आहे आणि सुरक्षेच्या अपडेट पुढे लांबवते, पण लुबुंटूच्या गटाची जबाबदारी त्याने लांबत नाही.

लिनक्स मिंटचा हिशेब वेगळा आहे. तो उबुंटूच्या एलटीएसवर उभा असला तरी एक्सएफसीईसह सर्व रूपांना पाच वर्षे देतो : मिंट २१ एप्रिल २०२७ पर्यंत, मिंट २२ एप्रिल २०२९ पर्यंत. ४ जीबी रॅम असेल तर मिंट एक्सएफसीई घ्यावे, कारण दर तीन वर्षांनी करायचे काम पाचावर जाते. २ जीबीला लुबुंटू बरे. डेबियन ही आणखी एक लिनक्स प्रणाली. ती सुमारे तीन वर्षे पूर्ण आणि नंतर दीर्घ मुदतीच्या गटाकडून आणखी, अशी एकूण पाच वर्षे देते. एमएक्स आणि अँटीएक्स तिच्यावर आधारलेले. पपीला अशी जाहीर तारीख नसते.

मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही, कुलूपही लागत नाही. मराठी टायपिंग, चित्रे काढणे, गणिताचे खेळ सगळे पूर्वीसारखे चालते. काही काळाने त्या आवृत्तीची पॅकेजे मुख्य सर्व्हरवरून उचलून जुन्यांच्या साठ्यात ठेवली जातात, आणि अपडेट करू पाहिले की ‘४०४’, म्हणजे ‘सापडले नाही’, हा आकडा दिसतो. नवे सॉफ्टवेअर बसेनासे होते. इंटरनेटला न जोडलेले टायपिंगचे यंत्र असे वर्षानुवर्षे चालू ठेवायला हरकत नाही. पण ज्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकला जातो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात किंवा मुलांचे आधार क्रमांक जपून ठेवलेले असतात, तो मुदतबाह्य आवृत्तीवर चालवणे चुकीचे आहे. ती माहिती दुसऱ्याच्या लेकरांची असते.

पुढच्या आवृत्तीवर जायचा रस्ता आधीपासून खुला असतो. एलटीएस दर दोन वर्षांनी येते आणि लुबुंटूला तीन वर्षे मिळतात, त्यामुळे एक वर्ष दोन्ही आवृत्त्या सोबत चालतात. जुन्या एलटीएसला नव्या एलटीएसचे बोलावणे मात्र एप्रिलमध्ये येत नाही. नवीची पहिली सुधारित आवृत्ती निघाल्यावर, साधारण ऑगस्टच्या सुमारास, ते येते. शाळेच्या दृष्टीने त्यानंतर येणारी दिवाळीची सुटी हाच उत्तम काळ. पुढच्या एप्रिल-मेपर्यंत थांबले तर मुदतही संपलेली असते आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत जुने यंत्र तासन्‌तास तापवावे लागते.

मध्येच वीज गेली तर हे काम फसते. अर्धी पॅकेजे नवी, अर्धी जुनी अशा अवस्थेत संगणक अडकतो. अनेकदा अर्धवट राहिलेली मांडणी पूर्ण करायची डीपीकेजीची (पॅकेजे बसवणाऱ्या साधनाची) आज्ञा देऊन तो सोडवता येतो, पण ती ठाऊक असणारा माणूस गावात असेलच असे नाही. इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी यंत्र नेऊन काम करणे शहाणपणाचे. डेटाचाही विचार करावा. लुबुंटू २४.०४ ची प्रतिमा, म्हणजे बसवण्यासाठी उतरवायची फाइल, सुमारे ३ जीबीची आहे, मोबाइलच्या दिवसाच्या कोट्यात ती सहसा मावत नाही. पाच संगणकांवर पाचदा अपडेट उतरवण्यापेक्षा तालुक्याहून एकदाच पेनड्राइव्ह भरून आणावा आणि सगळीकडे नव्याने बसवावे. मुलांच्या फाइली आधी बाहेर काढून ठेवाव्यात. काही ठिकाणी तर नव्याने बसवण्यावाचून गत्यंतर नसते : १८.०४ पर्यंत लुबुंटू एलएक्सडीई या डेस्कटॉपवर होते, १८.१० पासून एलएक्सक्यूटीवर गेले, आणि त्यामुळे १८.०४ वरून थेट पुढे जाण्याचा मार्ग त्या गटाने ठेवला नाही.

३२ बिट, म्हणजे जुन्या घडणीच्या प्रोसेसरच्या, यंत्रांची गोष्ट याहून कठीण आहे. लुबुंटूने १९.०४ पासून त्यांच्यासाठी आवृत्ती काढणे थांबवले. मिंटची उबुंटूवर आधारलेली शेवटची ३२ बिट मालिका १९ ही होती. ती एप्रिल २०२३ मध्ये संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीवर बसवायची सोयच काढून घेतली. मात्र जुना दिसतो तो प्रत्येक संगणक ३२ बिट नसतो. कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४ बिट आहे. १ जीबी रॅम आणि ३२ बिट विंडोज पाहून लोक त्याला विनाकारण भंगारात घालतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एलएससीपीयू ही आज्ञा दिली की दोन ओळींत खरे काय ते कळते. खरोखरच ३२ बिट निघाले, तर डेबियन १२ आणि त्यावर उभ्या असलेल्या एमएक्स २३ व अँटीएक्स २३ यांच्या ३२ बिट प्रती आहेत. डेबियन १२ ची दीर्घ मुदत ३० जून २०२८ ला संपते, म्हणजे विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असतील तेव्हा. अशा यंत्रांचे पुढे काय करायचे हे त्याच्या आधीच्या दिवाळीत ठरलेले असावे.