एक्सरे झाला ना, मग परत एमआरआय कशाला?

जळगावच्या आमच्या सेंटरला चोपडा, यावल, रावेरहून एसटीने येणारे पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि राग येणं बरोबरच आहे, पैसे त्यांचे जातात. म्हणून हे लिहिलंय.

पोराच्या घोट्याला नाहीतर गुडघ्याला एकाच बाजूला, बहुतेक वेळा आतल्या बाजूला, टणक गाठ आलीये, पाय वाकडा पडतोय, दुखत मात्र फारसं नाहीये, अशा वेळी डॉक्टरांच्या डोक्यात एक नाव असू शकतं, ट्रेव्हर डिसीज. दहा लाखात एखाद्याला होतो, मुलींपेक्षा मुलांना जास्त, साधारण 2 ते 14 वयात लक्षात येतो. हाडाचं सांध्याकडचं जे टोक असतं त्याची अर्धी बाजूच जास्त वाढत जाते. कॅन्सर नाही हा, आणि आईबापाकडून आलेलाही नाही, त्यामुळे घरात कोणी कोणाला बोल लावू नका.

आता मुद्दा. लहान पोरांत ही वाढ आधी कूर्चेची (कार्टिलेज, म्हणजे हाडाच्या टोकाचा मऊ, लवचिक भाग) असते आणि कूर्चा एक्सरेत दिसतच नाही, हाताला गाठ लागते पण फोटो जवळपास साफ! पुढे त्यात हाडाचे ठिपके ठिपके धरायला लागतात, मग एक्सरेत कळतं. एमआरआयत कूर्चा सरळ दिसते, गाठ मूळ हाडापासून सुटी आहे का चिकटलेली, सांध्याचा पृष्ठभाग किती बिघडलाय, हे सगळं कळतं आणि ऑपरेशन करायचं का, कुठून करायचं ते सर्जन त्यावरूनच ठरवतात. सीटीत हाडाचा आकार छान येतो, पण त्यात रेडिएशन असतं म्हणून लहान लेकराला उगाच सांगत नाहीत. एमआरआयत रेडिएशन नसतं, फक्त लोहचुंबक आणि ठकठक आवाज.

अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, म्हणून छोट्यांना गुंगीचं औषध द्यावं लागतं, त्याआधी किती तास उपाशी ते भूलतज्ज्ञ सांगतील. आजी लोकांनी कृपा करून मागून बिस्किट देऊ नये, परवाच एक अपॉइंटमेंट त्यापायी गेली. पैंजण, कडं, करदोडा, ताईत घरीच काढून या.

जुने एक्सरे असतील तेवढे आणा, दुसऱ्या पायाचेसुद्धा, दोन्ही शेजारी धरल्यावर फरक पटकन कळतो. फक्त सुरळी करून पिशवीत कोंबू नका.